गौरवदोष आणि अस्तेय : सॉफ्टवेअरच्या भाराविषयी

एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये नवनव्या सुविधांची भर पडत जाते आणि त्याबरोबर ते मंद, अवजड व गुंतागुंतीचे होत जाते, या अवस्थेला संगणक-व्यवसायात 'फीचर ब्लोट' म्हणतात. फीचर म्हणजे वापरणाऱ्याला मिळणारी एकेक सुविधा आणि ब्लोट म्हणजे अशा सुविधांच्या अतिरेकाने आलेली सूज. तिच्या विरुद्ध पारड्यात 'परफॉर्मन्स' ठेवला जातो, म्हणजे नेमलेले काम किती वेगाने आणि यंत्राची किती कमी मेमरी, वीज व डेटा खर्चून पार पडते याचे मान. या दोहोंतील ओढाताण सहसा व्यवस्थापनाची बाब समजली जाते : किती माणसे नव्या सुविधांवर लावावीत, किती जुना कोड साफ करण्यावर, आणि येत्या तिमाहीत ग्राहकाला काय दाखवावे, असा तो हिशेब असतो. मात्र या हिशेबाच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. ज्याच्यावाचूनही कार्य सिद्ध होते त्याला जागा देण्यासाठी कोणते प्रमाण लागते, आणि जागा दिलीच तर त्याचा भार कोणी वाहायचा? भारतीय परंपरेने या प्रश्नाचा पहिला भाग तर्कशास्त्रात आणि दुसरा आचारशास्त्रात विचारात घेतला. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते दोन भाग एकत्र आणावे लागतात, आणि ते का, हे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्यातल्या कचेरीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

रोग नवा नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात असे निरीक्षण नोंदवले होते की, रचनाकाराची पहिली प्रणाली बहुधा आटोपशीर असते, कारण आपल्याला काय येत नाही याची जाण त्याला असते. दुसऱ्या प्रणालीत मात्र पहिल्या वेळी बाजूला ठेवलेल्या साऱ्या हौसा तो भरून घेतो. पास्कल या संगणकभाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये सडसडीत सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा एक लेख लिहिला आणि यंत्रे जितक्या वेगाने जलद होत आहेत त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत आहे, ही तक्रार त्यात मांडली. ही तक्रार पुढे विर्थ यांच्या नावाने नियम म्हणून ओळखली जाऊ लागली, जरी त्यांनी स्वतः तिचे श्रेय मार्टिन रायझर यांना दिले होते. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाने या प्रवृत्तीला व्यवसायापलीकडचा आधार दिला : एखादी रचना, मजकूर वा प्रवासाचा बेत सुधारायला सांगितला असता माणसे काहीतरी जोडण्याचा विचार आधी करतात, आणि काढून टाकण्याचा पर्याय, तो सोपा व स्वस्त असला तरी, पुष्कळदा त्यांच्या मनात येतच नाही.

व्यवस्थापनात या स्वाभाविक कलाला आणखी एक बळ मिळते. नव्या सुविधेला जनक असतो, तिच्या अनावरणाची तारीख असते, तिचे नाव विक्रीच्या पत्रकात छापता येते आणि वार्षिक मूल्यमापनात तिचा दाखला देता येतो. मंदपणाला यांपैकी काहीच नसते, कारण तो शेकडो लहान निर्णयांच्या बेरजेतून येतो आणि त्यांतला प्रत्येक निर्णय वेगळा काढून पाहिला तर निरुपद्रवी ठरतो. प्रत्येकी एक दशांश सेकंद खाणाऱ्या वीस सुविधा जोडणाऱ्या वीस माणसांपैकी कोणालाही दोन सेकंदांच्या विलंबाचा कर्ता म्हणता येत नाही.

न्यायदर्शनात 'लाघव' आणि 'गौरव' या संज्ञा याच प्रकारच्या निर्णयासाठी वापरल्या जातात. एकाच कार्याची दोन स्पष्टीकरणे उपलब्ध असतील आणि दोन्हींना सारखेच प्रमाण असेल, तर ज्यात कमी कल्पना कराव्या लागतात ते स्वीकारावे, ते लाघव. ज्यात अधिक पदार्थ, अधिक संबंध किंवा अधिक अटी गृहीत धराव्या लागतात त्याला गौरवदोष लागतो. गौरव म्हणजे येथे सन्मान नव्हे, बोजडपणा. या विचाराचा सर्वांत रंजक उपयोग कार्यकारणभावाच्या चर्चेत होतो. सतराव्या शतकातील विश्वनाथ न्यायपंचानन यांच्या 'सिद्धान्तमुक्तावली'त घट निर्माण होण्यापूर्वी तेथे हजर असूनही ज्यांना घटाचे कारण म्हणता येत नाही अशा गोष्टींना 'अन्यथासिद्ध' म्हटले आहे, म्हणजे त्यांच्यावाचून, इतर ठरलेल्या कारणांनीच, कार्य सिद्ध होते. कुंभाराच्या दंडाचा रंग अन्यथासिद्ध आहे, कुंभाराचा बाप अन्यथासिद्ध आहे, आणि माती वाहून आणणारे गाढवही अन्यथासिद्ध आहे, मग एखाद्या विशिष्ट घटाच्या वेळी ते तेथे निश्चितपणे उभे का असेना. गाढवाची उपस्थिती कोणी नाकारत नाही. ते तेथे असते, काही काम करतानाही दिसते, आणि तरीही कारणांच्या यादीत त्याला जागा मिळत नाही. सॉफ्टवेअरच्या नियोजन-बैठकीत गाढवाला बहुधा स्वतंत्र बटण मिळते.

गौरव म्हणजे आकार मोठा असणे, एवढेच नैयायिकांनी मानले नाही, ही या विचारातील सर्वांत उपयोगी बाब आहे. लाघवाचे तीन प्रकार सांगितले जातात. पहिले 'शरीरकृत', म्हणजे खुद्द मांडणीचाच आटोपशीरपणा. दुसरे 'उपस्थितिकृत', म्हणजे गोष्ट ज्ञात्याच्या मनात किती लवकर व सहज उभी राहते ते. आणि तिसरे 'संबंधकृत', म्हणजे कारण व कार्य यांच्यातील नाते किती थेट आहे ते. दंड आणि घट यांचे नाते थेट आहे, तर 'दंडत्व' या सामान्य धर्माचे घटाशी नाते दंडाच्या मध्यस्थीनेच जोडावे लागते, म्हणून कारण दंडच. सॉफ्टवेअरमध्ये ही तिन्ही लाघवे वेगवेगळी मोजावी लागतात. प्रोग्रॅमचा आकार आणि त्याने व्यापलेली मेमरी हा शरीराचा प्रश्न आहे. वापरणाऱ्याला हवी ती गोष्ट डोळ्यांसमोर सापडते की चार पडदे ओलांडून शोधावी लागते, हा उपस्थितीचा. आणि एखादे साधे काम करण्यासाठी प्रोग्रॅम किती परक्या कोड-संग्रहांवर, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार तुकड्यांवर, विसंबून आहे, हा संबंधाचा. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा असा एक तुकडा त्याच्या लेखकाने सार्वजनिक संग्रहातून काढून घेतला, तेव्हा जगभरातील असंख्य प्रकल्पांची उभारणी अडली. त्या प्रकल्पांच्या शरीरात ११ ओळींची भर नगण्य होती. गौरव होता तो संबंधाचा, आणि शरीर मोजणाऱ्या कोणत्याही मापात तो दिसला नसता.

या तिन्हींत परस्परविरोधही संभवतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण खुद्द संस्कृत व्याकरणात आहे. पाणिनीची अष्टाध्यायी सुमारे चार हजार सूत्रांत संपते. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशा आशयाची परिभाषा नागेशभट्ट यांच्या 'परिभाषेन्दुशेखरा'त शेवटी येते. पण हे शरीरलाघव विद्यार्थ्याच्या बुद्धीवर फार मोठा भार टाकते, कारण एका सूत्राचा अर्थ लावताना दूरवरच्या सूत्रांतील पदे आणून जोडावी लागतात. म्हणूनच पुढे भट्टोजी दीक्षितांनी 'सिद्धान्तकौमुदी'त तीच सूत्रे विषयवार लावली, आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनी तिची 'लघुकौमुदी' केली. सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळातले, काळे आडनावाच्या महाराष्ट्रीय घराण्यातले आणि काशीत राहिलेले नागेशभट्ट तर याहून पुढे गेले : शब्दार्थविचारावरील आपली 'मंजूषा' त्यांनी मोठी, लघु आणि परमलघु अशा तीन आकारांत दिली. २०१५ साली फेसबुकने जुन्या फोनसाठी व मंद नेटवर्कसाठी १ एमबीहूनही लहान आकाराची 'लाइट' आवृत्ती काढली, तेव्हा वरवर पाहता हेच घडले. फरक असा की, लघुमंजूषा ही गरीब विद्यार्थ्यांसाठी काढलेली दुय्यम प्रत नव्हती. ज्या कंपनीला मूळ काम इतक्या थोड्या जागेत करता येते, तिने उरलेली जागा कशासाठी घेतली होती, हा प्रश्न 'लाइट' आवृत्ती स्वतःच उभा करते.

लाघवाचा आग्रह आंधळा होऊ नये यासाठी नैयायिकांनी दोन मर्यादाही घातल्या. एक, लाघव हे प्रमाण नव्हे. दोन पक्षांना सारखेच प्रमाण असेल तेव्हाच ते निवाडा देते, म्हणजे सोपे आहे म्हणून खोटे स्वीकारता येत नाही. दुसरी, 'फलमुख' गौरव दोषास्पद नाही : जो भार फळाकडे नेतो, ज्याच्यावाचून इष्ट कार्य सिद्धच होत नाही, तो भार म्हणजे दोष नव्हे. सिद्धतेचा बोजा कोणावर, हे या दुसऱ्या मर्यादेतच ठरून जाते. भर घालणाऱ्याने फळ दाखवावे. काढा म्हणणाऱ्याने अपाय सिद्ध करावा, अशी अपेक्षा नाही. बहुतेक सॉफ्टवेअर-संस्थांत नेमका याच्या उलट न्याय चालतो. सुविधा जोडण्यासाठी कल्पना पुरते, आणि काढण्यासाठी मात्र ती कोणीच वापरत नाही याचा आकडेवारीनिशी पुरावा मागितला जातो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यावर फलमुख भार आणि निष्फळ भार यांचा फरक मासेमारीच्या सल्ल्यात पाहता येतो. हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही भारतीय महासागर माहितीसेवा संस्था १९९९ साली स्थापन झाली. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांची उपग्रहांनी टिपलेली मापे एकत्र करून मासळी जमण्याची शक्यता कुठे आहे, हे ती संस्था सांगते. समुद्र ढगांनी झाकलेला असेल तेव्हा हा सल्ला देता येत नाही. यामागचे गणित, उपग्रह आणि संगणक यांचा पसारा प्रचंड आहे. परंतु देवगड, सर्जेकोट, मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या तांडेलापर्यंत, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखापर्यंत, जे पोहोचायला हवे ते अगदी थोडे आहे : बंदरापासून दिशा, अंतर, पाण्याची खोली आणि अक्षांश-रेखांश. हे आकडे एका एसएमएसमध्ये मावतात आणि बंदरावरच्या फलकावरही लिहिता येतात. पसारा सगळा हैदराबादेत राहतो आणि तो फलमुख आहे, कारण त्याच्यावाचून हे चार आकडे निघतच नाहीत. होडीत उतरतो तो फक्त निष्कर्ष. भार उत्पन्न करणारा आणि भार वाहणारा येथे एकच आहे.

आता समजा, याच चार आकड्यांभोवती एक ऍप बांधले, आणि त्यात नकाशा, बाजारभाव, योजनांची माहिती, छायाचित्रे पाठवण्याची सोय, नोंदणीचे पडदे आणि स्वागताचे चलचित्र आले. यांतील एकेक गोष्ट उपयुक्त ठरू शकते आणि बाजारभाव तर नक्कीच ठरेल. परंतु पहाटे किनाऱ्यावर, जुन्या, स्वस्त फोनवर, सिग्नलच्या एखाददुसऱ्या दांडीवर ते ऍप उघडत नसेल, तर त्या सर्व सुविधांनी मिळून मूळ चार आकडे अडवले असा त्याचा अर्थ होतो. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलचे जाळे सुटतेच. म्हणून २०१९ मध्ये इन्कॉइसने भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या सहकार्याने 'जेमिनी' हे छोटे उपकरण आणले, जे उपग्रहामार्गे येणारे इशारे व सल्ले पकडून फोनवर दाखवते. त्यातून उलट संदेश पाठवता येत नाही, ही त्याची खरी उणीव आहे आणि ती भरून काढण्यासाठी वाढवलेला भार फलमुखच म्हणावा लागेल, कारण संकटातील खलाशाला हाक मारता येणे हे काही गाढव नव्हे. पैशांच्या व्यवहारातही हेच दिसते. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'यूपीआय १२३पे' या सेवेत फोन लावून पैसे पाठवता येतात. म्हणजे व्यवहाराचा गाभा रंगीत पडद्याशिवाय सिद्ध होतो, हे तिच्या असण्यानेच सिद्ध झाले.

भर आणि भार यांचा संबंध नेहमीच निषेधार्ह असतो असे मात्र नाही, आणि याच जिल्ह्यातील दशावतार हे त्याचे प्रतिउदाहरण आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर होणारा हा नाट्यप्रकार एका बाकड्यावर उभा राहतो. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. सोबत हार्मोनियम, मृदंग आणि झांज, आणि लिखित संहितेऐवजी ठरलेल्या कथानकावर नटांनी जागच्या जागी रचलेले संवाद. उपस्थितिकृत लाघवाचे याहून नेमके उदाहरण शोधूनही मिळणे कठीण, कारण प्रेक्षकाच्या मनात वन उभे राहायला रंगवलेल्या झाडाची मध्यस्थी लागत नाही. पुढे 'ट्रिकसीन' असलेली नाटके आली. प्रकाश, धूर, यांत्रिक करामती यांनी राक्षस प्रकटू लागले आणि देव अधांतरी दिसू लागले. जाणकारांना यात मूळ कलेचा ऱ्हास दिसतो आणि त्यांचे म्हणणे कलादृष्ट्या बरेचसे खरे आहे. तरीही नैतिक दृष्टीने हा भार निर्दोष आहे. तो कंपनी स्वतः वाहते, यजमान मंडळी ठरवून तो मागवतात, प्रेक्षकाला तो समोर दिसतो, आणि न आवडल्यास तो उठून चहाच्या टपरीवर जाऊ शकतो. येथे फार तर अभिरुचीचा वाद होईल, अन्यायाची तक्रार होणार नाही.

सॉफ्टवेअर याच ठिकाणी वेगळे पडते, आणि येथेच तर्कशास्त्राची हद्द संपून आचारशास्त्राची सुरू होते. नैयायिकाने गौरव पत्करला तर भार त्याच्याच सिद्धान्तावर पडतो, आणि वादसभेत त्याला त्याची किंमत मोजावी लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पत्करलेला गौरव मात्र दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊन बसतो : त्याची मेमरी, त्याची बॅटरी, त्याने पैसे मोजून घेतलेला डेटा, आणि शेवटी त्याचा फोन 'जुना' ठरवून नवा घेण्याची सक्ती. लिहिणाऱ्याच्या टेबलावरचे यंत्र नवे व सशक्त असते, म्हणून ही किंमत त्याला जाणवतही नाही. या प्रश्नावर लिहिणारे पुष्कळदा साधेपणाची, संग्रह टाळण्याची भाषा वापरतात, म्हणजे पतंजलीने सांगितलेल्या पाच यमांपैकी अपरिग्रहाची. ती भाषा सौम्य आहे आणि येथे अपुरीही आहे, कारण परिग्रह म्हणजे आपल्याच घरात केलेला साठा. दुसऱ्याच्या जागेत, त्याला नीट न कळवता, गरजेपेक्षा अधिक साठवणे हा अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या यमाचा, प्रश्न आहे. गांधीजींनी १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली, त्यांत अस्तेयाचा अर्थ बराच रुंद केला होता : खरी गरज नसताना घेतलेली वस्तू, देणाऱ्याच्या परवानगीने घेतलेली असली तरी, चोरीतच मोडते. आश्रमापुरता हा अर्थ अनेकांना अतिकठोर वाटला असेल. पडद्याआड चालणाऱ्या आणि मालकाचे यंत्र वापरणाऱ्या प्रोग्रॅमला तो चपखल लागू पडतो.

यावर संमतीचा आक्षेप घेतला जाईल : ऍप फुकट आहे, अटी मान्य करूनच ते घेतले आहे, मग चोरी कसली? परंतु संमती अर्थपूर्ण ठरायला नाकारण्याची वाट असावी लागते, आणि परवाना, अनुदान, बँक किंवा शाळा ज्या ऍपमधूनच जाते तेथे ती वाट नसते. शिवाय पहिल्या दिवशी दिलेली संमती त्या दिवसाच्या आकाराला असते. नंतरच्या प्रत्येक अद्ययावत आवृत्तीने वाढलेला भार त्या जुन्या होकारावरच वसूल केला जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेगाचा ध्यास हाही एक मोह आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७४ मध्येच बजावले होते की, गरज कळण्याआधीच केलेली बारीकसारीक वेगवाढ प्रोग्रॅमला अनर्थाकडे नेते. हे मान्य केलेच पाहिजे. जो रचनाकार कोणालाही न जाणवणारे क्षण वाचवण्यात महिने घालवतो, तो लाघवाच्या नावाने आपल्याच कौशल्याचा परिग्रह करत असतो, आणि त्याने अधिक दुर्बोध केलेला कोड पुढच्या माणसावर उपस्थितीचा गौरव लादतो.

अस्तेयाचा निकष स्वीकारला तर व्यवस्थापनाच्या रीतीत बदल करावा लागतो, आणि तो घोषणेचा नसून जमाखर्चाचा असतो. प्रत्येक सुविधेच्या प्रस्तावात तिचे फळ आणि तिचा भार शेजारी लिहिणे, भार सर्वांत दुर्बळ यंत्रावर मोजणे, मेमरी व वेळ यांची कमाल मर्यादा आधी ठरवून नव्या सुविधेला त्या मर्यादेतच जागा शोधायला लावणे, आणि काढून टाकण्याच्या कामालाही जोडण्याइतकाच मान व मोबदला देणे, या गोष्टी अनेक चांगल्या संघांत आजही केल्या जातात. त्यात असाध्य असे काही नाही. अवघड आहे ती काढण्याची कसोटी, कारण प्रचलित कसोटी वापराच्या मोजणीची आहे : जे कमी लोक वापरतात ते आधी काढावे.

ही मोजणी न्यायशास्त्रातील आणखी एका भेदापाशी अडते. कारण दोन अर्थांनी कारण असते : एक 'फलोपधायक', म्हणजे ज्याने प्रत्यक्ष फळ दिले आहे ते, आणि दुसरे 'स्वरूपयोग्य', म्हणजे ज्याने अजून फळ दिले नसले तरी देण्याची योग्यता ज्याच्या ठिकाणी आहे ते. अरण्यात पडलेल्या दंडाने एकही घट घडवलेला नाही, पण तो दंड आहे, गाढव नव्हे. वापराची मोजणी फक्त पहिला अर्थ पाहते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. अशा वादळाचा इशारा देणारी सुविधा वर्षानुवर्षे जवळजवळ न वापरलेली राहते, आणि मोजणीच्या तक्त्यात ती सर्वांत तळाशी असते. पडदा वाचून दाखवणारी दृष्टिहीनांसाठीची सोय, देवनागरीत शोध घेण्याची सोय, सिग्नल नसताना जुना सल्ला उघडता येण्याची सोय, या सगळ्या त्याच तळाशी सापडतात, आणि कोणताही बेसावध व्यवस्थापक लाघवाच्या नावाने पहिली कात्री तेथेच चालवील. त्या वेळी सुविधा किती जण वापरतात यापेक्षा ती काढल्याचा भार कोणाच्या अंगावर पडेल, हे विचारावे लागते. आणि हा प्रश्न मोजणीच्या यंत्राला विचारता येत नाही, बंदरावरच्या माणसाला विचारावा लागतो.